बुंदेलखंडाचा दर्यावर्दी आणि मराठी वाचकाची पंचाईत

(चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१८८० साली प्रसिद्ध झालेली एक फ्रेंच कादंबरी आपल्या औरंगाबादेत सुरू होते. तारीख ६ मार्च १८६७, वेळ संध्याकाळची. शहरात सरकारी जाहिरात लागली आहे. नानासाहेब पेशव्याला जिवंत किंवा मेलेला हजर करणाऱ्याला दोन हजार पौंड इनाम. लोक गर्दी करून वाचताहेत, तेवढ्यात एक फकीर पुढे होतो, नावाचा तुकडा टरकन फाडतो आणि गर्दीत दिसेनासा होतो. पुढे काही पानांतच गोष्ट वेरूळच्या लेण्यांत शिरते. कादंबरीचं नाव 'वाफेचं घर', लेखक ज्यूल व्हर्न.

व्हर्न भारतात कधीच आला नाही. तरी १८५७ चं बंड त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. 'वाफेचं घर'मध्ये त्याने नानासाहेबाला सुडाने पेटलेला खलनायक केलं. कर्नल मन्रो नावाचा इंग्रज अधिकारी हा सज्जन नायक, आणि त्याच्या दिमतीला पोलादाचा, वाफेवर चालणारा हत्ती. शेवटी नानासाहेब त्या हत्तीच्याच स्फोटात सापडतो. पण त्याआधी पाचच वर्षं, १८७५ मध्ये, याच लेखकाने आपल्या सगळ्यांत गाजलेल्या नायकाचा मुखवटा काढून दाखवला होता. त्या मुखवट्याआडून निघाला १८५७ च्या बंडात लढलेला एक भारतीय राजपुत्र. त्याला सारं जग कॅप्टन नेमो म्हणून ओळखतं. हा नेमो वाचताना मराठी वाचकाची जी पंचाईत होते, ती आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

ज्यांनी ही पुस्तकं वाचलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. 'कॅप्टन ग्रँटची मुलं', 'समुद्राखाली वीस हजार लीग' आणि 'रहस्यमय बेट' ही व्हर्नची एकमेकींत गुंतलेली तीन पुस्तकं. १८६७ ते १८७५ या काळात ती बाहेर आली. नेमो दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकात आहे. विद्युतशक्तीवर चालणारी, सत्तर मीटर लांब आणि आठ मीटर रुंद अशी 'नॉटिलस' पाणबुडी त्याने स्वतः बांधली. त्या काळी फ्रेंच आरमाराकडे 'प्लाँझर' नावाची पाणबुडी होती, ती दाबाखालच्या हवेवर चालायची आणि तिचा पल्ला बेताचाच होता. नेमो मात्र समुद्रातून सोडियम काढतो, त्यावर विजेच्या बॅटऱ्या चालवतो, अन्नवस्त्र समुद्रातूनच मिळवतो आणि माणसांची वस्ती असलेल्या जमिनीवर पाय ठेवत नाही. प्राध्यापक आरोनाक्स, त्याचा नोकर कोन्से आणि नेड लँड हा कॅनेडियन भालेकरी त्याच्या हाती लागतात. तो त्यांना उत्तम जेवण देतो, पुस्तकं देतो, समुद्रतळाची दौलत दाखवतो. फक्त इथून तुमची सुटका नाही, एवढंच बजावून सांगतो.

वाचकाचं मन पहिल्यांदा नेमोकडे ओढलं जातं ते मन्नारच्या आखातात. मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्या एका गरीब पाणबुड्यावर शार्क मासा झेपावतो. नेमो हातात नुसता सुरा घेऊन त्याच्या अंगावर जातो. नेड लँडचा भाला वेळेवर लागला नसता तर नेमोच संपला असता. तो पाणबुड्याला वर आणतो, शुद्धीवर आणतो आणि त्याच्या हातात मोत्यांची थैली ठेवतो. आरोनाक्स कारण विचारतो तेव्हा उत्तर येतं, की हा माणूस पिचलेल्यांच्या देशातला आहे आणि आपणही अखेरच्या श्वासापर्यंत त्याच देशाचे. तुर्कांविरुद्ध उठलेल्या क्रीट बेटाच्या लोकांकडे तो सोनं पाठवतो. त्याच्या खोलीच्या भिंतीवर पोलंडचा कोशियुस्को, आयर्लंडचा ओकॉनेल, वॉशिंग्टन, लिंकन आणि गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलून फासावर गेलेला जॉन ब्राऊन यांची चित्रं आहेत. इथपर्यंत वाचक त्याच्यावर जीव टाकतो.

पुढे एक प्रसंग येतो आणि तो जीव टांगणीला लागतो. १७९४ मध्ये बुडालेल्या 'व्हेंजर' या फ्रेंच क्रांतीच्या जहाजाचे अवशेष नेमो पाहुण्यांना दाखवत असतो, तेवढ्यात वर एक युद्धनौका येते. निशाण नाही, देश कळत नाही. नेमो ओळखतो, पण सांगत नाही. आरोनाक्स त्याला विनवतो. नेमो म्हणतो, इथे कायदा मी आणि न्यायही मीच. तो लगेच हल्ला करत नाही. तो दिवस आणि ती रात्र त्या जहाजाच्या टप्प्यात राहून त्याला मागे खेळवत नेतो, कारण शूरांच्या 'व्हेंजर'शेजारी शत्रूचे अवशेष पडलेले त्याला चालणार नसतात. सकाळी नॉटिलस त्या जहाजाच्या पोटातून आरपार जाते. दिवाणखान्याच्या काचेतून आरोनाक्स पाहतो. माणसं दोरखंडांना लटकताहेत, डोलकाठ्यांवर चढताहेत, आणि मग माणसांसकट त्या डोलकाठ्याही खाली जातात. नेमो शेवटपर्यंत बघत उभा राहतो. नंतर खोलीत जातो, एका तरुण स्त्रीच्या आणि दोन मुलांच्या चित्राकडे हात पसरतो, गुडघ्यांवर बसतो आणि हुंदके देऊन रडतो.

त्या जहाजावर किती खलाशी होते आणि कुणाची किती मुलं होती, हे व्हर्न सांगत नाही. न सांगताच वाचकाच्या मनात तो प्रश्न पेरला जातो.

नेमोचा देश कोणता, याबद्दल खुद्द व्हर्नचं आणि त्याचा प्रकाशक हेत्झेलचं बरंच वाजलं होतं. व्हर्नला नेमो पोलिश सरदार करायचा होता. १८६३ च्या पोलिश उठावात रशियनांनी ज्याचं घरदार उद्ध्वस्त केलं, असा. पण रशिया फ्रान्सच्या मैत्रीतला आणि हेत्झेलच्या पुस्तकांची तिथे विक्रीही होती, म्हणून त्याने नकार दिला. तोडगा म्हणून त्याने सुचवलं, की नेमोला गुलामांच्या व्यापाऱ्यांचा शत्रू करा. व्हर्नने ते मानलं नाही. मानलं असतं तर नेमो कुणाला बुडवतो याची कुणाला फिकीर वाटली नसती आणि आज हे व्याख्यानही झालं नसतं. वाचकाला अडचणीत टाकण्याचा हक्क व्हर्नने प्रकाशकाशी भांडून राखला. नायकाचा देश मात्र त्याने पुढच्या पुस्तकापर्यंत झाकून ठेवला.

तो उघड होतो लिंकन बेटावर. अमेरिकन यादवीत रिचमंडहून बलूनमधून निसटलेले पाच जण मार्च १८६५ मध्ये पॅसिफिकमधल्या एका निर्जन बेटावर आदळतात. इंजिनिअर सायरस स्मिथ त्यांचा म्होरक्या. कुणीतरी अदृश्य त्यांना मदत करत असतं. हत्यारांनी भरलेली पेटी किनाऱ्याला लागते, त्यांच्यातल्या पोराला हिवतापाने घेरलं तेव्हा उशाशी क्विनाइन सापडतं, चाच्यांचं जहाज पाण्याखालच्या सुरुंगाने उडतं. शेवटी गुहेत, नॉटिलसमध्ये, म्हातारा नेमो मरणाच्या दारात भेटतो आणि आपली कहाणी सांगतो. नाव डक्कर. बुंदेलखंडाच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाचा भाचा. दहाव्या वर्षी शिकायला युरोपात गेला, तिसाव्या वर्षापर्यंत शास्त्रं आणि कला शिकला, १८४९ मध्ये परतला. १८५७ मध्ये लढला, घायाळ झाला, बायको-मुलं गमावली, डोक्यावर इनाम लागलं. मग वीस विश्वासू साथीदारांसह एका ओसाड बेटावर त्याने नॉटिलस बांधली.

जाणता मराठी वाचक इथे पेन्सिल काढतो. टिपू ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणला पडला. १८१९ च्या आसपास जन्मलेला बुंदेला राजपुत्र त्याचा भाचा कसा, याचा हिशोब कुठल्याच वंशावळीत बसत नाही. बुंदेलखंडही तेव्हा स्वतंत्र नव्हतं, ते कधीच कंपनीच्या टाचेखाली आलं होतं. व्हर्नने हिंदुस्थानातली दोन तेजस्वी नावं उचलून एकत्र बांधली, एवढंच.

पण बुंदेलखंड म्हटल्यावर मराठी वाचक परका राहत नाही. १७२९ मध्ये पहिला बाजीराव छत्रसालाच्या मदतीला धावला, त्यातून मराठ्यांना तिथला मुलूख मिळाला आणि पुढे झाशी नेवाळकरांकडे आली. बाजीराव-मस्तानीचे वंशज बांद्याचे नवाब झाले. त्यांच्यातला दुसरा अली बहादूर १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उभा राहिला, हरला आणि उरलेलं आयुष्य त्याने इंदुरात काढलं. बुंदेलखंडातला खराखुरा बंडखोर राजपुरुष हवा असेल तर तो हा. त्याच्याजवळ पाणबुडी नव्हती. तात्या टोपे तर आपल्याच येवल्याचा. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला त्याला फाशी दिलं. आणि वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात अडकले. गोऱ्या फौजेने शहरात केलेली कत्तल त्यांनी जीव मुठीत धरून पाहिली, लुटले गेले, तरी गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांचं 'माझा प्रवास' वाचलेल्या माणसाला नेमोच्या दुःखासाठी व्हर्नच्या कल्पनेची गरज उरत नाही. झाशीच्या गल्ल्यांमधली प्रेतं गोडसे भटजींनी आधीच दाखवलेली असतात.

म्हणून सायरस स्मिथचा निवाडा मराठी वाचकाला झोंबतो. मरणाऱ्या नेमोला हा सज्जन इंजिनिअर सांगतो, की तुमची चूक एवढीच की गेलेला काळ परत आणता येईल असं तुम्हाला वाटलं आणि अटळ प्रगतीशी तुम्ही भांडलात. वरवर हे वाक्य समजूतदार वाटतं. पण ज्या माणसाला तो हे सांगतो त्याच्याजवळ त्या घटकेला जगातलं सगळ्यांत पुढचं यंत्र आहे. वीज त्याची, पाणबुडी त्याची, बेटावरच्या पाच जणांचा जीव वाचवणारं विज्ञानही त्याचंच. प्रगती म्हणजे इंग्रजी राज्य, असं गृहीत धरल्याशिवाय हा निवाडा उभाच राहत नाही. १८५७ मध्ये कोण काय परत आणू पाहत होतं, यावर मराठीत शंभर वर्षं वाद चालला आहे. सावरकरांनी त्याला स्वातंत्र्यसमर म्हटलं, तर जुनी सरंजामशाही परत आली असती तर तळच्या माणसाचं काय झालं असतं, असं विचारणारेही इथेच निघाले. दोन्ही बाजूंना आपापलं वजन आहे. पण अख्ख्या कादंबरीत विज्ञानात सगळ्यांच्या पुढे असलेल्या माणसावर प्रगतीचा वैरी असा शिक्का मारणं, हे त्या कादंबरीलाच न्याय देणारं नाही.

नेमोचा बचाव करताना वाचक एका जागी मात्र अडखळतो, आणि ती जागा नेमोनेच करून ठेवली आहे. बुडवलेल्या युद्धनौकेबद्दल मरणशय्येवर तो म्हणतो, की मी अरुंद, उथळ खाडीत कोंडला गेलो होतो, वाट काढणं भाग होतं. आधीचं पुस्तक ज्याच्या ध्यानात आहे त्याला ठाऊक आहे, की असं काही नव्हतं. त्याने त्या जहाजाला रात्रभर मागे खेळवत नेलं होतं. व्हर्नच्या हातून तपशील विसरले गेले असतील, या दोन पुस्तकांतल्या तारखाही एकमेकींशी जुळत नाहीत. पण छापील पानावर जे उरलं ते असं, की नायक मरताना आपल्या सगळ्यांत वाईट कृत्याची हकिकत बदलून सांगतो. इतका मानवी दोष व्हर्नने मुद्दाम लिहिला असता तर त्याला दाद द्यावी लागली असती.

मराठवाड्यात या गोष्टीला वेगळी धार येते. जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाने बंड केलं. पकडलेल्यांना देहदंड झाला, त्यांची आठवण म्हणून क्रांती चौकातला काळा चबुतरा दाखवतात. निजाम मात्र इंग्रजांच्या बाजूने राहिला आणि त्याचं राज्य आणखी ९१ वर्षं टिकलं. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या दहशतीच्या कथा या भागातल्या घराघरांत आहेत. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला आणि दरवर्षी त्या दिवशी आपण झेंडा लावतो. त्यानंतरच्या आठवड्यांत काय घडलं, ते मात्र भाषणांत सहसा येत नाही. त्याची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत रझाकारांशी काही संबंध नसलेल्या मुसलमानांच्या कत्तली सर्वांत जास्त झाल्याचं नोंदवलं. तो अहवाल सर्वांसमोर यायला २०१३ साल उजाडलं. अन्याय खरा होता, लढा न्याय्य होता, आणि सुडाचा घाव मात्र निशाण न पाहता पडला. नेमोची युद्धनौका समजून घ्यायला मराठवाड्याच्या वाचकाला समुद्र पाहिलेला असण्याची गरज नाही.

इथवर नेमोवर दोन आरोप झाले. निरपराधांना मारणं आणि पाहुण्यांना कैदेत ठेवणं. दोन्ही गंभीर आहेत. तिसरा आरोप फारसा कुणी करत नाही, आणि वाचनालयाच्या व्यासपीठावरून तोच सर्वांत आधी करायला हवा.

नॉटिलसवर बारा हजार पुस्तकांचं ग्रंथालय आहे. विज्ञान, नीती, साहित्य, अनेक भाषांतलं, नीट लावलेलं. वाचणारा एकटा. वीस वर्षं युरोपात जे शिकला, त्यातलं एक अक्षरही डक्कर बुंदेलखंडातल्या कुणाला शिकवताना दिसत नाही. पिचलेल्यांच्या देशाचा नागरिक म्हणवणारा हा माणूस त्या देशाला थैलीभर मोती देतो, पण वीज कशी करायची ते सांगत नाही. मरताना बेटावरच्या मित्रांना जडजवाहिराची पेटी देतो आणि यंत्र, ग्रंथ, त्यातली सगळी गुपितं आपल्या देहासकट तळाशी पाठवायला सांगतो. ते त्याप्रमाणे करतात. आता याच पुस्तकातले बेटावरचे पाच जण बघा. स्मिथ त्यांच्याकडून विटा भाजून घेतो, लोखंड गाळतो, नायट्रोग्लिसरीन बनवतो, तार टाकतो, आणि प्रत्येक टप्प्यावर जे त्याला येतं ते बाकीच्यांना येईल असं बघतो. त्यांच्यात गुलामीतून सुटलेला नेब आहे आणि पंधरा वर्षांचा पोर आहे. निवाड्यात स्मिथ चुकला, पण कामात त्याने नेमोला मागे टाकलं.

नेमोचं इंग्रजांशी वैर रास्त होतं. त्या जहाजावरच्या खलाशांना त्याने बुडवलं ते रास्त नव्हतं. आणि ज्ञान कुलूपबंद ठेवलं, हा त्याचा आपल्याच माणसांविरुद्धचा गुन्हा. या तिन्ही गोष्टी एका माणसात एकत्र मानण्याची तयारी ठेवली की वाचकाची पंचाईत सुटत नाही, पण ती कशाने होते ते नेमकं कळतं.

हा नेमो आपल्यापर्यंत पुरता पोचलाच नाही, हेही सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'केरळकोकिळ' मासिकाने व्हर्नचा चंद्रप्रवास मराठीत आणला. पुढे भा. रा. भागवतांनी 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशा रूपांतरांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांना व्हर्नची गोडी लावली. पण आपल्याकडे वाचली जाणारी जुनी इंग्रजी भाषांतरं कापलेली होती. लुईस मर्सियरने 'वीस हजार लीग'चा जवळजवळ पाचवा हिस्सा गाळला, आणि १८७५ मध्ये किंग्स्टनच्या नावावर निघालेल्या 'रहस्यमय बेट'मध्ये डक्करच्या कहाणीतलं इंग्रजविरोधी बोलणं बदलून सौम्य केलं. मूळ फ्रेंचमध्येही हेत्झेलने हात घातला होता. हस्तलिखितात मरणाऱ्या नेमोच्या तोंडी स्वातंत्र्याचं नाव होतं, छापताना तिथे देव आणि मायदेश आले. आपल्याकडेही असंच घडलं. गोडसे भटजींची हकिकत १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी फेरफार करून छापली, हस्तलिखिताप्रमाणे ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणली. सिनेमाने तर नेमोला दीर्घकाळ गोराच ठेवला. १९५४ च्या डिस्नेपटात तो जेम्स मेसन होता. २००३ मध्ये नसिरुद्दीन शाहांनी तो केला तेव्हा कुठे पडद्यावर त्याला भारतीय चेहरा मिळाला.

तेव्हा या गावच्या वाचनालयाला एक विनंती. 'समुद्राखाली वीस हजार लीग' आणि 'रहस्यमय बेट' यांच्या न कापलेल्या प्रती मागवा, मराठीत मिळाल्या तर मराठीत, नाहीतर नव्या, पूर्ण इंग्रजी भाषांतरात. त्यांच्या शेजारी पोतदारांची 'माझा प्रवास'ची प्रत ठेवा. आठवी-नववीच्या मुलांना तिन्ही वाचू द्या. बुडणाऱ्या जहाजाच्या प्रकरणावर त्यांच्यात वाद लागला तर मध्ये पडून निकाल देऊ नका. पुस्तकं मात्र कपाटाला कुलूप न लावता घरी नेऊ द्या.